उशालगतचा गजर

मागील पावसाळ्यातील एका रविवारी मिस्सा आटोपून आम्ही वस्त्रे उतरवीत असताना आमच्या परिचयाच्या एक परिचारिका भगिनी सांक्रिस्तीच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. मिरजेतील एका रुग्णालयात त्या काम करतात. एरवी त्या येतात त्या कोणाच्या आजारपणाची वर्दी घेऊन. त्या दिवशी प्रश्न निराळाच होता.

"फादर, उशाशी ठेवायला गजराचं घड्याळ घ्यायचंय. कसलं घ्यावं?"

असा प्रश्न दुकानदाराला विचारावा, धर्मगुरूला नव्हे, असे वाचकांना वाटेल. आम्हांलाही क्षणभर वाटले. परंतु थोडे बोलणे झाल्यावर प्रश्नाचे मूळ उलगडले. बाईंचे यजमान नोकरीनिमित्त पुण्यास असतात. घरी सासूबाई आणि बारावीत शिकणारी कन्या. बाईंना महिन्यातून अनेकदा रात्रपाळी असते. कन्येला पहाटे साडेचारला अभ्यासासाठी उठवायचे, म्हणून त्या रात्रपाळीच्या दिवशी वॉर्डातून घरी फोन करतात आणि मुलगी 'हूं, उठले' म्हणेपर्यंत तो ठेवीत नाहीत. असे दीड वर्ष चालले होते. मात्र त्या एका हाकेसाठी फोन मुलीच्या उशीखाली झोपत असे, आणि रात्री तो कितीपर्यंत जागा असतो हे कोणालाच ठाऊक नव्हते. आता तो बाहेरच्या खोलीत ठेवायचे ठरले, तर पहाटे हाक कशी पोहोचायची? सासूबाईंना ऐकू कमी येते.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी मिरजेत वैद्यकीय सेवाकार्य आरंभिले, तेव्हापासून त्या गावात रात्रभर कोणीतरी जागे असतेच. तेथील अनेक घरांत हाच प्रश्न थोड्याफार फरकाने असणार. आम्ही बाईंना म्हणालो, "आठवडाभर द्या. विचार करून सांगतो." आमच्या डोक्यात इतिहासाचा किडा आहे, हे आमच्या धर्मग्रामात सर्वांना माहीत आहे. त्यामुळे त्या हसल्या आणि गेल्या.

प्रथम शब्दांकडेच पाहू. ज्या वस्तूला आपण बोलताना बिनदिक्कत 'अलार्म' म्हणतो, त्या शब्दाचे मूळ इटालियन भाषेतील रणघोषात आहे. 'शस्त्रांकडे धावा!' असा त्याचा अर्थ. शत्रू वेशीशी आला म्हणजे पहारेकरी ही आरोळी ठोकीत. आपल्याकडील 'गजर' शब्दाचा गोत्रवळा अगदी निराळा. हिंदीत प्रहराच्या शेवटी होणाऱ्या घंटानादाला, विशेषतः पहाटेच्या घंटानादाला, गजर म्हणतात. मराठीत तर नामाचा गजर होतो. आळंदीची पालखी सातारा जिल्ह्यात लोणंद-फलटणच्या वाटेने जाते, तेव्हा तो कानी पडतोच. एका शब्दाने माणूस दचकून उठतो, दुसऱ्याने इतरांच्या सुरात सूर मिळवीत उठतो. इंग्रजीत घड्याळाला जो 'क्लॉक' शब्द आहे, तोही मध्ययुगीन लॅटिनमधील 'क्लोक्का' म्हणजे घंटा या शब्दापासून आलेला आहे. तबकडी आणि काटे ही मागाहूनची भर. आरंभी होता तो नाद.

आपले 'घड्याळ' मात्र घटिकेचे. घटिकापात्र म्हणजे बुडाशी बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी. ती पाण्यावर तरंगत ठेवली की छिद्रातून पाणी हळूहळू आत शिरते आणि २४ मिनिटांनी ती बुडते. अशा ६० घटिका मिळून एक अहोरात्र. लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठी हिंदू कुटुंबांतून ही वाटी पुढेही बराच काळ वापरात राहिली. या साधनाचा एक विशेष असा, की ते कोणाला उठवू शकत नाही. वाटी निमूटपणे बुडते. ती बुडाली हे पाहण्यासाठी, पुन्हा तरंगत ठेवण्यासाठी आणि टोला देण्यासाठी एक जागता माणूस जवळ बसवावा लागतो. पुष्कळांनी झोपावे म्हणून एकाने जागायचे, असा तो करार होता. उशालगतच्या घड्याळाचा सारा इतिहास हा त्या जागत्या माणसाला रजा देण्याचा इतिहास आहे, असे आम्हांस वाटते.

ख्रिस्ती मठांत हा करार फार काटेकोरपणे पाळला गेला. इ. स. ५३० च्या सुमारास संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली, तिच्यात प्रार्थनेच्या वेळेची सूचना देणे ही मठाधिपतीची जबाबदारी ठरविली आहे. त्याने ती स्वतः पार पाडावी किंवा एखाद्या दक्ष बंधूवर सोपवावी. उठण्यास उशीर झालाच तर वाचने आखडती घ्यावीत आणि ज्याच्या हयगयीने हे घडले त्याने मंदिरात प्रायश्चित्त घ्यावे, असेही तेथे आहे. पण आम्हांला सर्वांत प्रिय आहे तो बाविसावा अध्याय. मठवासीयांनी अंगावरच्या कपड्यांनिशी झोपावे, दालनात पहाटेपर्यंत दिवा असावा, आणि उठताना एकमेकांना हळुवारपणे धीर द्यावा, कारण झोपाळू माणसाजवळ सबबींना तोटा नसतो! बेनेडिक्ट यांनी माणूस किती ओळखला होता पाहा. पुढे कित्येक मठांतून दारावर टकटक करून 'बेनेदिकामुस दोमिनो' म्हणजे 'आपण प्रभूची स्तुती करू या' असे म्हणण्याचा आणि आतून 'देओ ग्रासियास', 'देवाला धन्यवाद', असे उत्तर देण्याचा प्रघात पडला. उत्तर आल्याखेरीज हाक देणारा पुढे सरकत नसे. आमच्या परिचारिका बाई फोनवर वेगळे काय करीत होत्या?

यंत्राने उठविण्याचे प्रयत्नही मठांतूनच झाले. इंग्लंडमधील बरी सेंट एडमंड्स येथील मठात ११९८ साली रात्री आग लागली. त्या मठात पाण्यावर चालणारे घड्याळ होते. प्रभातप्रार्थनेपूर्वी ते वाजले, वस्त्रागाराचा प्रमुख उठला आणि त्याच्या दृष्टीस आग पडली. मग तरुण मठवासी पाण्यासाठी धावले. काही विहिरीकडे आणि काही चक्क घड्याळाकडे! जोसेलिन नावाच्या मठवासीयाने हे सारे लिहून ठेविले आहे. उठवणारे आणि विझवणारे घड्याळ एकच, असा योग इतिहासात क्वचितच आला असेल.

येथे एक स्वतःची कथा सांगितल्यावाचून राहवत नाही. आम्ही गुरुविद्यालयात शिकत असताना एक वर्ष घंटा देण्याची जबाबदारी आमच्यावर होती. खोलीत चावीचा टाइमपीस होता. अशा घड्याळाच्या पाठीवर दोन चाव्या असतात. एक काटे चालविणाऱ्या कमानीची, दुसरी गजराच्या हातोडीची. दोन्ही रोज भराव्या लागतात. आवाज वाढावा म्हणून आम्ही तो ॲल्युमिनियमच्या ताटलीत ठेवीत असू. एका रात्री आम्ही पहिली चावी दिली, दुसरी विसरलो. घड्याळ रात्रभर उत्तम चालले आणि ठरल्या वेळी मुकाट्याने पुढे गेले. त्या दिवशी सारे विद्यालय पाऊण तास उशिरा उठले. आचार्य रागावले नाहीत. त्यांनी फक्त बेनेडिक्ट यांचा तो उशिराचा नियम भोजनगृहात वाचून दाखविला, आणि वाचावयास आम्हांलाच उभे केले. तेव्हापासून कोणत्याही घड्याळाची पाठ पाहिल्याशिवाय आम्ही त्याच्या तोंडावर विश्वास ठेवीत नाही.

या भागात सेवेसाठी आल्यावर आम्ही वाईजवळील मेणवलीला गेलो. कृष्णेच्या काठी नाना फडणविसांचा वाडा आणि घाट आहे. घाटावरील देवळाजवळ एका छोट्या घुमटीत एक भलीमोठी घंटा टांगलेली आहे. वजन साडेसहाशे किलोच्या आसपास सांगतात. तिच्यावर पवित्र मरिया आणि बाळ येशू यांची आकृती आहे आणि साल आहे १७०७. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या सैन्याने पोर्तुगिजांकडून वसई जिंकली. त्यानंतर तेथील घंटा विजयचिन्हे म्हणून देशावर आल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातील घंटा १७२१ सालची आहे. भीमाशंकरलाही अशीच एक आहे.

आमचे मूळ गाव वसईकडचे. लहानपणी आंजेलुसची घंटा झाली की आजी हातातले काम ठेवून उभी राहत असे. त्यामुळे मेणवलीच्या घंटेवरील आकड्यांवरून बोट फिरविताना मनात काय आले हे सांगणे अवघड आहे. ३२ वर्षे ती वसईच्या खाडीकाठी वाजली. तिच्या नादाने आमचे पूर्वज अंथरुणातून उठले असतील, कोळी होड्या लोटीत असतील. पुढे ती युद्धाची लूट झाली. युद्धात हाती लागलेल्या घंटा वितळवून तोफा ओतणे हा युरोपात सर्रास चालणारा प्रकार होता. येथे तसे झाले नाही. ती देवळातच आली आणि घंटाच राहिली. आमच्यासोबत आलेल्या एका तरुणाने विचारले, "फादर, ही आपली ना?" आम्ही म्हणालो, "वाजवून पाहा." त्याने टोला दिला. नदीत कपडे धुणाऱ्या बायकांपैकी एकीनेही मान वर केली नाही. त्यांना तो नाद नेहमीचाच होता. आमच्या मते त्याच्या प्रश्नाचे उत्तर त्यात येऊन गेले.

घंटेची वेळ त्या त्या गावाच्या सूर्याची असे. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली आणि गावोगावचे सूर्य एका दोरीत ओवले गेले. मुंबईने मात्र रुसून आपली ३९ मिनिटे मागे असलेली वेळ पुढे कित्येक वर्षे जपली. साताऱ्याचा सूर्य प्रमाणवेळेच्या सुमारे ३४ मिनिटे मागे असतो, मिरज-सांगलीचा सुमारे ३२ मिनिटे. म्हणजे घड्याळात पहाटेचे साडेचार वाजतात, तेव्हा मिरजेच्या सूर्याप्रमाणे अजून चारही वाजलेले नसतात. बारावीच्या मुलीला उठणे जड जाते याचे खापर केवळ तिच्या आळसावर फोडू नये, इतकेच आम्हांला सुचवायचे आहे.

घंटा मनोऱ्यावरून उशाशी आली ती गेल्या अडीचशे वर्षांत. अमेरिकेतील न्यू हॅम्पशायरच्या लेवाय हचिन्स या घड्याळजीने १७८७ साली स्वतःसाठी एक घड्याळ केले; ते फक्त पहाटे चार वाजताच वाजे. हव्या त्या वेळेला गजर लावता येईल अशा घड्याळाचे एकस्व फ्रान्समध्ये आंत्वान रेदिये याने १८४७ साली घेतले. १८७६ मध्ये अमेरिकेत सेथ थॉमस यांच्या लहान गजरी घड्याळाचे एकस्व झाले आणि थोड्याच वर्षांत ही वस्तू कामगाराच्या खिशाला परवडू लागली. कारखान्याला ठराविक वेळी हजर राहणारी माणसे हवी होती. आपल्या ऊसपट्ट्यात हे काम पुष्कळ वर्षे साखर कारखान्याच्या भोंग्याने केले. पाळी बदलल्याचा भोंगा झाला की चार गावे त्यावर चहा ठेवीत. भोंगा सार्वजनिक होता, टाइमपीस खाजगी. ज्याला उठायचे त्यालाच उठविणे, ही त्याची मोठी सोय आणि त्याची मर्यादाही.

या सोयीची एक किंमत ख्रिस्ती वाचकांनी तरी विसरू नये. अंधारात आकडे दिसावेत म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी तबकड्यांवर रेडियममिश्रित रंग देत. हे काम तरुण मुली करीत. कुंचल्याला टोक यावे म्हणून तो ओठांत धरण्यास त्यांना शिकविले होते. अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या ऑटवा गावी 'वेस्टक्लॉक्स' घड्याळांच्या तबकड्या अशा रंगविल्या जात. त्या मुलींची हाडे आतून कुजली. त्यांच्यापैकी कॅथरिन वुल्फ डोनोह्यू या कॅथलिक विवाहितेने १९३८ साली घरच्या बिछान्यावर पडून कंपनीविरुद्ध साक्ष दिली आणि त्याच वर्षी जुलैत ती देवाघरी गेली. हजारो लोकांच्या बिछान्यापाशी जो मंद हिरवा प्रकाश होता, तो अशा एका बिछान्यापर्यंत जाऊन पोहोचत होता. आजही एखाद्याच्या घरी आजोबांच्या काळातील चकाकणाऱ्या आकड्यांचा टाइमपीस असेल, तर तो उघडू नये, खरवडू नये. चमक गेली म्हणून रेडियम गेले असे नसते. ते निम्मे व्हायला १६०० वर्षे लागतात. नवीन घड्याळांत ते वापरीत नाहीत.

पुढचा इतिहास आपल्या घरांतलाच आहे. १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला एचएमटीचा घड्याळ कारखाना सुरू झाला आणि चावीचे देशी घड्याळ लग्नाच्या आहेरात आले. १९७१ मध्ये गुजरातेत मोरबी येथे अजंता कंपनी निघाली. पुढे क्वार्ट्झ आले. सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरणारा स्फटिक आणि एक पेन्सिल सेल एवढ्यावर वर्षभर चालणारे घड्याळ. दोन्ही चाव्या गेल्या. आमच्यासारख्या विसरभोळ्यांची सोय झाली. २०१६ साली सरकारने एचएमटीचा घड्याळ-व्यवसाय बंद करण्याचा निर्णय घेतला. तोवर उशाची जागा फोनने घेतली होती. फोन उठवतो उत्तम. पण तो झोपू देत नाही, हे आता लहान मूलही जाणते.

सांगली जिल्ह्यातील एका गावाने यावर जे केले ते वाचकांनी वर्तमानपत्रांत वाचले असेल. कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव येथे १५ ऑगस्ट २०२२ पासून संध्याकाळी ७ वाजता देवळावरून भोंगा वाजू लागला. भोंगा झाला की दूरदर्शन संच आणि फोन बंद, आणि मुलांनी पुस्तके उघडायची; साडेआठला दुसरा भोंगा. करोनाच्या काळात मुलांच्या हाती आलेला फोन सुटेना म्हणून गावाने हा मार्ग काढला. ही बातमी वाचून आम्हांला घटिकापात्राशी बसलेला तो जागता माणूस आठवला. घराघरांनी एकेकट्याने जे जमले नव्हते, ते गावाने पुन्हा घंटेवर सोपविले होते.

तर आठवड्याने बाई आल्या आणि आम्ही त्यांना जे सांगितले ते असे. आकड्यांवर चालणाऱ्या विजेच्या घड्याळाची रात्रभर पेटलेली निळी-पांढरी तबकडी नको. काट्यांचे घ्यावे आणि दिवा दाबल्यावरच लागणारा असावा. आकडे मोठे असावेत, गजराचा काटा वेगळ्या रंगाचा असावा. जर्मनीच्या ब्राउन कंपनीसाठी दीत्रिख लुब्स यांनी जी घड्याळे आखली त्यांची जगभर वाखाणणी झाली ती असल्याच साध्या गोष्टींसाठी. पण यासाठी जर्मन घड्याळच हवे असे नाही. मिरजेच्या बाजारातही डोळसपणे पाहिल्यास मिळते. टिकटिक नसलेले घ्यावे. दुकानात कानाशी धरून पाहावे, आणि दुकानदार हसला तर हसू द्यावे. गजर हळू सुरू होऊन वाढत जाणारा असावा आणि त्याला काही सूर असावा. मेलबर्नच्या आरएमआयटी विद्यापीठातील संशोधकांनी २०२० साली पन्नास जणांच्या पाहणीतून असे मांडले, की कर्कश टीट-टीट आवाजापेक्षा सुरेल गजराने उठलेल्यांना जाग आल्यावर सुस्ती कमी जाणवते. मिरजेत तंबोऱ्याची जवारी लावणाऱ्या कारागिरांना हे सांगण्यासाठी मेलबर्नला जाण्याची गरज पडली नसती, हा भाग निराळा.

डुलकीच्या कळीविषयी आमचे मत प्रतिकूल आहे. १९५६ साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक-टेलिक्रॉन कंपनीने ती सोय आणली, आणि झोपाळू माणसाच्या सबबींना यंत्राचा आधार मिळाला. पण ती आता पुष्कळ घड्याळांत असते. तेव्हा घड्याळ हाताच्या अंतरावर न ठेवता चार पावले दूर टेबलावर ठेवावे, असे सुचविले. आणि पाठ पाहायला सांगितली. वरची कळ केवळ थोड्या वेळापुरते गप्प करते. गजर खरोखर बंद करण्याची पट्टी मागे किंवा कडेला असते. या दोहोंतला भेद अंधारात बोटांना कळला पाहिजे.

बाईंनी सारे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "तसं घेते, फादर. पण पोरगी उठली का नाही, हे मला वॉर्डात कसं कळायचं?"

या प्रश्नाला आमच्या इतिहासात उत्तर नव्हते. आम्ही तसे कबूल केले. तोडगा त्यांनीच काढला. उठल्यावर मुलीने बाहेरच्या खोलीत जायचे, तेथे ठेवलेल्या फोनवरून आईला एक रिंग द्यायची आणि फोन तिथेच ठेवून परतायचे. आईने तो उचलायचा नाही. 'देओ ग्रासियास' एवढाच त्याचा अर्थ.

घड्याळ आले. पांढऱ्या तबकडीचे, काळ्या आकड्यांचे, तांबड्या गजर-काट्याचे. पहिल्याच पहाटे मुलगी उठली, वरची कळ दाबली, बाहेर जाऊन रिंग दिली, अभ्यासाला बसली आणि वेळेवर महाविद्यालयात गेली. मागची पट्टी तशीच राहिली. काट्यांच्या घड्याळाला पहाट आणि दुपार यांतला फरक कळत नाही. रात्रपाळी करून येऊन, घरकाम उरकून बाई दुपारी तीनला कुठे आडव्या झाल्या होत्या. साडेचारला त्या घड्याळाने त्यांना उठविले, आधी हळू, मग वाढत्या सुरात.